आक्का, त्या दिवशी तू पाठ का फिरवलीस

आक्का,

तुला जाऊन सोळा दिवस झाले. माणसं भेटायला येतात, हळू आवाजात दोन शब्द बोलतात, आणि मला मधेच हसू फुटतं. परवा आपल्या आत्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठून आत गेलो. तिला काय सांगणार? ती तुझ्या तापाविषयी बोलत होती आणि मला वरकुट्याच्या रानातली ती सकाळ दिसत होती. माझ्या गोफणीतला गोटा पुढं जायचा तो मागं गेला, दाजींच्या पाण्याच्या मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या, आणि तू राखणीच्या माळ्यावर पोट धरून हसत बसलीस. दाजी नुसते ओल्या मातीकडं बघत उभे होते.

लिहायला बसलो तो मन मोकळं करावं म्हणून. पण तुझ्याविषयी लिहायचं तर त्या शाळूच्या राखणीच्या दिवसांविषयी लिहायला लागतं, आणि ते दिवस आठवले की दुःखाला बसायला जागाच उरत नाही. तेव्हा तू ऐक. नेहमीसारखी मधे बोलू नको.

तू माझ्या क्लबातल्या खेळाला शेवटपर्यंत 'टाचण्या फेकायचा खेळ' म्हणत राहिलीस. मीही तुला तो कधी नीट समजावून सांगितला नाही. तुला काय कळणार, असं मला वाटायचं, हे आता कबूल करतो. इंदापुरात कचेरीच्या मागं आमचा क्लब आहे, म्हणजे दोन खोल्या, एक कॅरम आणि वर्तमानपत्रं. तिथं कुणी गोरा साहेब जाताना एक गोल फळी मागं ठेवून गेला. भाकरीच्या मोठ्या परातीएवढी. तिच्यावर वीस फाके आखलेले, प्रत्येकाला आकडा. सात-आठ फुटांवरून हाताच्या बोटाएवढे बाण फेकायचे. त्याला डार्ट म्हणतात, आम्ही सरळ बाण म्हणतो. तीनशे एक आकड्यापासून सुरुवात करायची आणि जेवढे गुण पडतील तेवढे वजा करत शून्यावर यायचं. फळीच्या अगदी कडेला बोटभर रुंदीचा एक पट्टा आहे, तिथं बाण लागला की गुण दुप्पट. आम्ही त्याला कडा म्हणतो. आणि शेवटचा बाण त्या कडेतच लागावा लागतो. सगळी गंमत तिथं आहे आणि माझा सगळा घातही तिथंच झाला.

मी कारकून माणूस. मोजणी खात्यात नकाशे काढायचे, रेघा ओढायच्या. कुस्ती नाही, भजन नाही, भाषण नाही. मला आयुष्यात एकच गोष्ट इतरांपेक्षा चांगली यायची आणि ती म्हणजे हे बाण. दर वर्षी बारामतीच्या क्लबातली मंडळी यायची किंवा आम्ही तिकडं जायचो. मला लोक ओळखायला लागले होते. बाजारात एखादा अनोळखी माणूस म्हणायचा, "तुमीच का ते बाणवाले?" त्या एका प्रश्नावर मी आठवडाभर खूश असायचो.

मग तो बारामतीचा सामना आला. मला शेवटी फक्त विसाची कडा हवी होती. तीन बाण हातात होते. पहिला बाण उचलला आणि कुणीतरी मागून म्हणालं, "झालं, हा आता मारणारच." एवढंच. त्यात वाईट काय होतं? पण माझा हात डोक्याशेजारी जाऊन थांबला. मी म्हणतोय सोड, आणि बोटं सोडत नाहीत. कसाबसा फेकला, तो भिंतीत गेला. दुसराही तसाच. तिसरा माझ्या पायाशी पडला. खोलीत आधी कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं. मीही हसलो.

त्या दिवसापासून हात अडला तो अडलाच. घरी भिंतीला खूण करून फेकायला गेलो तरी तेच. एकटा असलो तरी वाटायचं, कुणीतरी बघतंय. आधी म्हटलं, जाईल चार दिवसांत. चार महिने गेले. डॉक्टरांनी टॉनिकची बाटली दिली, वैद्यांनी तेल दिलं. हाताला काही झालेलं नाही असं दोघेही म्हणाले, आणि त्यानं मी जास्तच घाबरलो. क्लबात जायचं बंद केलं. इथवर ठीक होतं, खेळ सुटला असं म्हणता आलं असतं. पण एका दुपारी कचेरीत नकाशावर हद्दीची रेघ ओढताना हात मधेच थांबला. टाक कागदावर, हात हलेना, आणि शाईचा डाग हळूहळू पसरत चाललेला मी नुसता बघत राहिलो. नंतरच्या आठवड्यात तीन नकाशे खराब झाले. साहेब चांगले होते. म्हणाले, "पंधरा दिवस रजा घ्या. पण परत आल्यावरही असंच राहिलं, तर तुम्हाला दुसऱ्या कामावर टाकावं लागेल." दुसरं काम म्हणजे फायली उचलणं. मी राजीनाम्याचा कागद मनात लिहून ठेवला होता, आक्का. हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

अशा अवस्थेत मी तुझ्याकडं वरकुट्याला आलो. नवे पैसे चलनात आले त्याच वर्षीची थंडी. शाळू दाण्यात आला होता आणि तो खायला भोरड्यांचे थवे उतरायला लागले होते. तू मला दारात बघितलंस आणि फक्त एवढंच विचारलंस, "जेवलास का?" रात्री दाजी म्हणाले की इंदापुरातनं सगळं कानावर आलंय. तू त्यांना ताट पुढं सरकवलंस, म्हणजे गप्प बसा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तू मला माळ्यावर चढवलंस. समोर कालव्यापर्यंत शाळू, वर धुक्याचा पातळ थर. माझ्या हातात गोफण दिलीस. लहानपणी आपल्या कळसला तू हीच गोफण घेऊन दिवसभर रान राखायचीस आणि मी शाळेत असायचो. राखणीला कुणी एकानं थांबायलाच हवं होतं. थांबली तू. हे मला कळत होतं. पण मी त्यावर कधी एक शब्द बोललो नाही आणि तूही बोलू दिलं नाहीस.

"हात अडतोय म्हणं तुजा," तू म्हणालीस.

"नस अडकते."

"नस न्हाय. भ्यालाईस तू."

"आक्का, डॉक्टरांनी टॉनिक दिलंय..."

"डॉक्टरानं भोरड्या हाकल्यात व्हय कधी? बग हिकडं. ही दोरी बोटात अडकवायची. ही दुसरी नुसती चिमटीत धरायची. मधी गोटा. डोक्यावनं फिरवायचं आन् चिमटीतली सोडायची."

"आणि नाही सोडली तर?"

"तर गोटा तुज्या टाळक्यात बसंल. सोडशील बरुबर."

पहिल्याच फेकीत मी ती दोरी सोडली, पण नको तेव्हा सोडली, आणि ते मडकं फुटलं. तू हसलीस. मला राग आला. मी गोफण खाली टाकली आणि म्हटलं, हा पोरखेळ आहे, तिथं बोटभर पट्ट्यात नेम धरायचा असतो, इथं अख्खं रान पडलंय. तेव्हा तू हसायची थांबलीस. तुझं ते वाक्य मी जसंच्या तसं लिहितो, कारण माझा हात तिथूनच सुटायला लागला.

"हितं नेम धरायचाच न्हाय, बापू. पाखरू मारायचं न्हाय, उठवायचं. आवाज झाला की काम झालं. तू आपला आवाज कर."

मी चिडूनच परत गोफण फिरवली. दोरी सुटली, टोक हवेत फट्कन वाजलं, आणि शाळूतून आख्खा थवा उठला. काळा-गुलाबी, हजारो पंख एकदम. तो असा वळला की सगळं आभाळ वळल्यासारखं वाटलं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. तू म्हणालीस, "बगत काय बसलास? तिकडं कडंला उतरत्यात की." मी परत फेकली. मग परत. तू एका बाजूनं ओरडायचीस, मी दुसरीकडून वाजवायचो. थवा तुझ्याकडून माझ्याकडं यायचा, माझ्याकडून तुझ्याकडं. सूर्य वर आला तेव्हा माझा सदरा घामानं भिजला होता. तू फडक्यातली भाकरी सोडलीस आणि एकदम विचारलंस, "किती डाव हात अडला?"

मी विचार करायला लागलो. एकदाही अडला नव्हता. अडतोय का हे बघायचंच राहून गेलं होतं.

पंधरा दिवस मी तो माळा सोडला नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तू बांधावर एक फुटकी घागर पालथी घातलीस आणि म्हणालीस, मन झालं तर हिला लाव, न्हाय झालं तर ऱ्हाऊ दे. त्या दिवशी हात परत अडला. गोफण डोक्यावर फिरतेय, फिरतेय, आणि सोडवत नाही. मला रडू आलं. तू घागरीकडं बघितलंसुद्धा नाहीस. "अरं, भोरड्या बग," एवढंच ओरडलीस. मी वळलो, थव्याच्या दिशेनं दोरी सोडली. मग न थांबता दुसरा गोटा घेतला आणि त्याच वळणात घागरीकडं सोडला. लागला नाही. पण सुटला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी लागला. घागर वाजली तो आवाज ऐकून दाजी मोटेकडून धावत आले. त्यांना वाटलं, आणखी एक मडकं गेलं.

रजा संपवून कचेरीत आलो आणि पहिल्याच दिवशी सरळ रेघ ओढली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कळेना मी नकाशाकडं बघून का हसतोय. संध्याकाळी क्लबात गेलो. फळीसमोर उभा राहिलो आणि नेम न धरता नुसते बाण सोडायला लागलो. कुठंही लागू देत. आठवड्यानं ते आपोआप गोळा व्हायला लागले.

महिन्याभरानं बारामतीची मंडळी आली. तो आपल्या बाजाराचा दिवस होता आणि तू वांगी-गवार घेऊन गाडीनं इंदापूरला आली होतीस. क्लबाच्या खिडकीशी गर्दी होती. मामलेदारसाहेब खुर्ची टाकून बसले होते. दोन्हीकडचे चार-चार खेळाडू. सहा डाव झाले, तीन-तीन जिंकलेले. शेवटचा डाव माझा आणि जोगळेकर ओव्हरसियरांचा. मागच्या सामन्यात माझा तिसरा बाण पायाशी पडला तेव्हा समोर हेच जोगळेकर होते.

ते सुरेख खेळले. एक बाण वाया घालवेनात. मीही मागं नव्हतो. खोलीत उकडत होतं, फक्त बाण फळीत रुतल्याचा आवाज यायचा. त्यांचे दहा उरले, म्हणजे पाचाची कडा लागली की संपलं. माझे बत्तीस उरले. सोळाची कडा लागायला हवी. पाळी माझी, बाण तीन. चुकलो तर पुढची पाळी त्यांची, आणि ते चुकणारे नव्हते.

पहिला बाण सोडला. सोळातच लागला, पण कडेच्या आत. सोळा गेले, सोळा राहिले. आता शेजारची आठाची कडा. दुसरा बाण सोडला, तो कडेच्या तारेला घासून बाहेरच्या बाजूला अडकला. केसभर चुकला. गर्दीतून "च्च" असा आवाज आला आणि माझ्या मनगटात ते जुनं काहीतरी हललं. मला ते ओळखीचं होतं. हात वर गेला आणि थांबला.

तेव्हा मी खिडकीकडं बघितलं. गजांपलीकडं तू उभी होतीस, डोक्यावर चुंबळ, काखेत रिकामी पाटी. आपली नजरानजर झाली. आणि तू पाठ फिरवलीस. सगळी खिडकी माझ्याकडं बघत होती आणि तू एकटी रस्त्याकडं तोंड करून उभी राहिलीस, जसं काही तिथं कुणाची वाट बघतेस.

मला क्षणभर राग आला. एवढं सगळं करून आता बघणारही नाहीस? आणि त्या रागात मी हात खाली घेतला, परत वर नेला आणि सोडला.

बाण आठाच्या कडेत बसला. मधोमध.

नंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. कुणीतरी मला उचललं. मामलेदारसाहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. जोगळेकरांनी हात धरून हलवला, आणि खरंच मनापासून विचारलं, "अहो, तुमचा तर हात गेला होता म्हणे. बरा कशानं झाला?"

आक्का, इथं मी थांबतो. सोळा दिवस मी याच ओळीशी येऊन थांबतोय.

मी म्हणालो, "टॉनिक घेतलं. डॉक्टरांनी चांगलं टॉनिक दिलं होतं."

खिडकी उघडी होती. तू दोन हातांवर होतीस. मला वाटलं, या शिकलेल्या माणसांना काय सांगू, की बहिणीनं शाळूच्या रानात भोरड्या हाकायला लावल्या? ते हसतील. माझ्या जिंकण्याची कथा होईल, आणि तिच्यात मी माळ्यावर पाखरं हाकत उभा असेन. मी घाबरलो. तू म्हणालीस तेच खरं होतं, नस वगैरे काही नव्हती.

बाहेर आलो तर तू गाडीत बसली होतीस. "पडलं का त्ये?" तू विचारलंस.

"पडलं. तू बघितलंस नाही?"

"मी न्हाय बगितलं," तू म्हणालीस. दाजींनी बैलांना हाकारलं तेव्हा तू मागं वळून म्हणालीस, "बाटलीचा गुण आला म्हणायचा." आणि हसलीस. खोचून बोलली असतीस तर मी पाया पडलो असतो. तू अगदी खुशीत हसलीस, आणि मी नुसता हात हलवून निरोप दिला. पुढं दोन वर्षं मी दर सणाला यायचो, आपण नस की भीती यावर वाद घालायचो, तू जिंकायचीस, मी हरलो म्हणायचो नाही. माफी मागायचं मात्र पुढं ढकलत गेलो. तू चाळिशीतली. मला वाटलं, वेळ आहे.

तुझ्या तेराव्याला सगळे पांगल्यावर दाजी माझ्याजवळ येऊन बसले. मी त्यांना विचारलं, तिनं त्या दिवशी पाठ का फिरवली असेल? दाजींनी वळून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तुमाला तिनं सांगितलंच न्हाय व्हय?"

त्यांनी सांगितलं ते असं. तू लग्न होऊन वरकुट्याला आलीस तेव्हा तुझ्या गोफणीची कीर्ती आधीच येऊन पोचली होती. तुझ्या सासऱ्यांनी कौतुकानं चार गावची माणसं बोलावली आणि नव्या सुनेला म्हणाले, दाखव. सगळे बघत उभे राहिले, आणि तुझा हात अडला. गोफण डोक्यावर फिरत राहिली आणि तुला सोडवेना. माणसं हसली. त्यानंतर तो सबंध हंगाम तू गोफण हातात घेतली नाहीस. कळसला येऊनही तू आम्हाला यातलं काही कळू दिलं नाहीस.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी म्हटलं, मी हाय हितं, पर बगत न्हाय. तिच्याकडं पाठ करून बसायचो मी बांधावर. रोज. कवा गोटा सुटला त्ये मला आवाजावनंच कळलं."

आक्का, तू भांडण जिंकायला हे एकदा सांगितलं असतंस तरी पुरे होतं. दोन वर्षं मी नस नस करत बसलो आणि तू ऐकून घेतलंस.

काल मी क्लबात गेलो. बारामतीची मंडळी सरावाला आली होती, जोगळेकरही होते. त्यांनी विचारलं, इतके दिवस दिसला नाहीत. मी म्हटलं, माझी बहीण गेली. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. मग मी म्हटलं, जोगळेकर, दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी खोटं उत्तर दिलं. मला टॉनिकनं काही झालं नव्हतं. मला माझ्या बहिणीनं बरं केलं.

कुणी हसलं नाही. जोगळेकरांनी हातातले बाण टेबलावर ठेवले आणि विचारलं, "त्यांचं नाव काय?"

मी तुझं नाव सांगितलं, सासरचं, माहेरचं, सगळं. ते नाव त्या खोलीत आजवर कुणी उच्चारलं नव्हतं.

"कसं केलं बरं?" त्यांनी विचारलं, आणि सगळ्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या. मी उभा राहिलो, टेबल भिंतीकडं सरकवलं, कारण हात फिरवायला जागा लागणार होती, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

तुझा,
बापू